वारसाचे कागद : सभासदाने हयातीतच करावयाची कामे



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याचे पाचट, हुमणी असे विषय घेतो. या खेपेचा विषय वेगळा वाटेल, पण तोही शेतीचाच आहे. सभासद वारल्यावर त्याची जमीन, ऊसबिल, शेअर आणि घरातले म्हातारे माणूस यांचे काय होते, ते आज पाहू.

गेल्या हंगामात माझ्या गटातले एक वयस्कर सभासद वारले. गावात त्यांना सारे आबा म्हणत. ऊस तोडीला आलेला, नोंद त्यांच्या नावाची. ऊस गाळला गेला, पण बिल त्यांच्या खात्यावर जमा झाले आणि बँकेने खाते थांबवले. सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत. थोरला मुलगा शेती बघतो, दोन लेकी सासरी, धाकटा नोकरीला शहाडला. थोरला म्हणे, "आबांनी मला तोंडी सांगितलं होतं, जमीन तुझीच." धाकटा फोनवर म्हणे, "सांगितलं असंल, मला ठाऊक नाही." सही अडली, बिल अडले. सोसायटीचे व्याज मात्र अडले नाही.

मला कल्याणला जायचेच होते. माळशेज घाट उतरून मुरबाडवरून येणारी एसटी कल्याणात शिरण्याआधी शहाडवरूनच जाते. तिथे उतरलो. बिर्लांनी बांधलेल्या विठ्ठल मंदिराच्या आवारात धाकट्याची गाठ घेतली. तो म्हणाला, "साहेब, मला जमीन नको. पण आबा गेल्यापासून आईला कुणी विचारलंय का? दादा म्हणतो, हक्कसोडपत्रावर आईचा अंगठा घेऊ, ताईंच्या सह्या घेऊ. उद्या दादाचं आन् तिचं पटलं नाही तर ती जाणार कुठं? माझी इथं एक खोली."

मी सही घ्यायला गेलो होतो, पण त्याचे म्हणणे मला खरे वाटले. परत आल्यावर वकिलांकडे बसून नियम समजून घेतले, ते खाली देत आहे. हे नियम हिंदू वारसा कायद्याचे आहेत. मुस्लिम सभासदांना त्यांचा वेगळा कायदा लागू आहे, त्यांनी तो जाणकाराकडून समजून घ्यावा.

१) वारस कोण?
मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या कायद्याने पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान हिस्सा मिळतो. आबांची पाच एकर त्यांनी स्वतः घेतलेली. आई वारलेली. म्हणजे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली असे पाच वारस आणि प्रत्येकी एक एकर. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा जात नाही.

वडिलोपार्जित जमिनीत तर मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्राने तो २२ जून १९९४ पासून दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राने २००५ साली हा भेद काढला. त्या वर्षी ९ सप्टेंबरला वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदलेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

२) मृत्युपत्र
तोंडी सांगितलेले घरातच राहते, कचेरीत चालत नाही. साध्या कागदावर लिहिलेले मृत्युपत्र चालते, त्याला मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी, म्हणजे पुढे शंका राहत नाही. साक्षीदार वयाने लहान, गावातला आणि ज्याला काही मिळायचे नाही असा घ्यावा. वय झाले असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा. हयातीत केव्हाही बदलता येते. शेवटचे असेल ते खरे. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते, मुलाचा किंवा मुलीचा हिस्सा आपण वाटू शकत नाही.

३) नॉमिनी म्हणजे मालक नव्हे
पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. 'कालनिर्णय'चे जयंत साळगांवकर २०१३ साली निवर्तले. त्यांचे मृत्युपत्र होते आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनी लावलेले होते. पैसा नॉमिनीचा की मृत्युपत्राप्रमाणे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला की नॉमिनी लावल्याने वारसाहक्क बदलत नाही. नॉमिनीने पैसा ताब्यात घ्यायचा आणि हक्कदारांना द्यायचा. एवढ्या जाणत्या माणसाच्या घरी दहा वर्षे लागली, आपले काय?

तरी नॉमिनी लावाच, कारण त्याने काम अडत नाही. कारखान्याच्या शेअरला नामनिर्देशन असेल तर सभासद वारल्यावर शेअर त्या नावाने वर्ग करता येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. विम्याचे थोडे वेगळे आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर सर्वसाधारणपणे ती रक्कम त्यांचीच होते.

४) हयातीत जमीन लिहून देताना
मृत्युपत्राचा अंमल आपल्यामागे होतो, बक्षीसपत्राचा त्याच दिवशी. नोंदलेले बक्षीसपत्र आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. "पोरगा सांभाळील" म्हणून सारी जमीन लिहून देणारे आणि नंतर औषधाच्या पैशासाठी सुनेच्या तोंडाकडे बघणारे सभासद मी गटात पाहिले आहेत.

२००७ सालच्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात यावर उपाय आहे. साठ वर्षांवरील माणसाने 'माझा सांभाळ करायचा' या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. हे न्यायाधिकरण आपल्याकडे प्रांत कचेरीत चालते. पोटगी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत ठरवून मिळते.

पण अट असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये एका आईचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, कारण तशी अट होती हेच दिसले नाही. उलट मध्य प्रदेशात छतरपूरच्या एका आईने २०१९ साली मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. त्यात सेवेचा उल्लेख होता आणि सांभाळाचे वचन वेगळे लिहून घेतलेले होते. २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन मिळकत परत देवविली. तेव्हा द्यायचेच असेल तर सांभाळाची अट त्याच दस्तात लिहा आणि सगळी जमीन कधीच देऊ नका. नवरा-बायको दोघांपुरते रान आणि विहिरीचे पाणी स्वतःच्या नावावर ठेवा.

५) वारसनोंद
सभासद वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे द्यावीत. बहिणीचे नाव गाळू नये. गाळलेले नाव पुढे कोर्टात उभे राहते. कित्येक उताऱ्यांवर आजोबा-पणजोबांची नावे तशीच राहिल्यामुळे शासनाला २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम घ्यावी लागली. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने समजून-उमजून, नोंदलेल्या दस्ताने सोडावा. रक्षाबंधनाच्या ताटात कोरा कागद ठेवू नये.

आता आबांच्या घरचे सांगतो. धाकटा रजा काढून गावी आला, चौघे भावंडे आईसमोर बसली. आधी पाचही नावे उताऱ्याला लावली, बिल मोकळे झाले. थोरली लेक म्हणाली, माझा हिस्सा दादाला. धाकटीने आपला ठेवला. तिचेही बरोबरच होते, कोणी वाईट वाटून घेतले नाही. आईचा एकर आईच्याच नावावर राहिला. थोरला तो कसतो आणि ऊसबिल आईच्या खात्यावर जाते. नॉमिनी नव्हता, तेव्हा सर्वांच्या संमतीने शेअरही आईच्या नावे झाला. या हंगामात ऊसनोंदीच्या कागदावर म्हातारीने अंगठा उठवला तेव्हा मला म्हणाली, "साहेब, आता मी पण सभासद व्हय?" मी म्हटले, "होय आई, आता पुढची नोंद तुमच्या नावाची."

दिवाळीला मुंबई-ठाण्याकडची पोरे घरी येतात. त्या चार दिवसांत एवढे करा :
• सातबारा आणि आठ-अ काढून नावे तपासा.
• कारखाना, सोसायटी, बँक, विमा या सर्व ठिकाणी नॉमिनी बघा. वारलेल्याचे नाव असेल तर बदला.
• मृत्युपत्र लिहा, ते कुठे ठेवले हे दोघांना सांगा.
• पत्नीच्या नावावर काय आहे, हे स्वतःला विचारा. काही नसेल तर तिथून सुरुवात करा.

शेअरच्या नामनिर्देशनाचा अर्ज गट ऑफिसात मिळतो. भरताना अडचण आली तर चिटबॉयकडे निरोप द्या, मी येऊन जाईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी