कौले की पत्रा?

प्रश्न : श्रीवर्धनजवळ आमचे जांभ्याचे जुने कौलारू घर आहे. दरवर्षी गळते. कौले काढून पत्रा घालावा का?

उत्तर : आधी माळ्यावर चढून वासे आणि रीपा पाहाव्यात. स्क्रूड्रायव्हरचे टोक लाकडात सहज शिरत असेल, तर दोष कौलांचा नाही. वाळवीचा किंवा ओलीचा आहे.

मंगळुरी कौलाचा एक नग साधारण अडीच-तीन किलोचा. चौरस मीटरला पंधराएक कौले, म्हणजे चाळीस किलोंच्या आसपास भार. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच जागेत जेमतेम चार-पाच किलो. लाकूड थकले असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. माकडांचा उपद्रव असेल तरी पारडे पत्र्याकडेच झुकते.

पण हलकेपणा वादळात अंगाशी येतो. जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर कौलेही उडाली आणि पत्रेही. फुटलेली कौले एकेक करून बदलता येतात. सुटलेला पत्रा मात्र आसपासच्या माणसांच्या जिवावर बेततो. म्हणून आढे, कडा आणि कोपरे इथे स्क्रू जवळजवळ हवेत, प्रत्येकाखाली रबरी वॉशर हवा.

खाऱ्या हवेत साधा जस्ताचा पत्रा लवकर गंजतो. घालायचाच तर अॅल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याचा, रंगीत घ्यावा. खाली छत नसेल तर उन्हाळ्यात घर तापते आणि पावसाचा आवाज असह्य होतो, हे खर्चात धरावे.

वासे धड असतील तर पत्र्याच्या मागे लागू नये. मेअखेर शाकारणी करावी, फुटकी कौले आणि कोने बदलावेत.