सारांश आणि अभिप्राय

मुलांनो, तुम्ही मासिकातील एखादा लेख वाचून खाली ठेवता, तोच कोणी विचारतो, "लेखात काय आहे?" आणि लागलीच दुसरा प्रश्न येतो, "तुला तो कसा वाटला?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सारांश, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे अभिप्राय. सारांशात लेखक बोलतो, अभिप्रायात आपण बोलतो. या दोहोंची सरमिसळ झाली म्हणजे काय होते, ते पाहा.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात लोणार सरोवरावरील एक लेख वाचावयास दिला होता. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर उल्कापाताने काळ्या खडकात पडलेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून सरोवराचे पाणी खारट आहे. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी दिसू लागले. त्याचे कारण लेखात स्पष्ट दिले होते. तरीही एका विद्यार्थ्याने सारांशात लिहिले, 'माणसांनी केलेल्या घाणीमुळे पाणी गुलाबी झाले, असे लेखक म्हणतो.'

मी म्हणालो, "हे वाक्य लेखात कोठे आहे, दाखव पाहू."

त्याने पाने चाळली आणि मान खाली घातली. "गुरुजी, मला तसे वाटले."

"वाटले ते अवश्य लिही, पण लेखकाच्या तोंडी घालू नकोस. ज्याने मूळ लेख वाचलेला नाही, तो तुझ्यावर विश्वास ठेवील आणि चुकीचा दोष लेखकाच्या माथी बसेल."

त्याने लेख पुन्हा वाचला. प्रत्येक परिच्छेदातील मुख्य मुद्दा एकेका वाक्यात टिपला, उदाहरणे व वर्णने गाळली, सन आणि आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले. मग स्वतःच्या शब्दांत त्याने लिहिले :

'लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे. जून २०२० मध्ये पाणी आटून त्याचा खारटपणा वाढला. त्यामुळे खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंग असलेले सूक्ष्मजीव बळावले व पाणी गुलाबी दिसले. पुढे तो रंग ओसरला.'

त्याखाली एक ओळ सोडून त्याने आपला अभिप्राय लिहिला :

'पाण्याचा रंग बदलला की ते घाण झाले, अशी माझी समजूत होती. ती या लेखाने दूर केली. परंतु सरोवराच्या रक्षणाविषयी लेखात एक शब्दही नाही. २०२० मध्ये या सरोवराचा समावेश जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. म्हणून हा विषय लेखात यावयास हवा होता, असे मला वाटते.'

पाहा, स्वच्छतेची त्याची कळकळ वाया गेली नाही. तिला तिची योग्य जागा मिळाली. 'लेख छान आहे' एवढे म्हणणे म्हणजे अभिप्राय नव्हे. काय पटले, काय पटले नाही, आणि का, हे सांगितले तरच त्यास मोल येते. दुसऱ्याचे म्हणणे आधी नीट ऐकावे, प्रामाणिकपणे सांगावे आणि मगच आपले मत द्यावे. हा नियम लेखनापुरताच आहे, असे मात्र समजू नका.

अभ्यास

१. सारांश व अभिप्राय यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
२. विद्यार्थ्याच्या पहिल्या सारांशात कोणती चूक होती?
३. मासिकातील एक लेख निवडून त्याचा सारांश मूळ लेखाच्या सुमारे एक तृतीयांश लांबीत लिहा व खाली आपला अभिप्राय सकारण द्या.