जोडलेली फाइल उघडण्यापूर्वी

इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना एक सवय लावतो. जुने पत्र हाती आले, की मजकुरावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते कोणी व केव्हा लिहिले आणि ते खरोखर त्याच व्यक्तीचे आहे काय, हे तपासावयाचे. आज ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलींनाही हीच कसोटी लावणे अगत्याचे झाले आहे.

मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा संगणक-विषाणू जगभर पसरला. ई-मेलला प्रेमपत्राच्या नावाची फाइल जोडलेली असे. ती साध्या मजकुराची भासे. नावाचा शेवटचा, खरा भाग पडद्यावर दिसतच नसे. ती उघडताच संगणकातील पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र आपोआप जाई. त्यामुळे पुढच्या माणसाला ते ओळखीच्याच व्यक्तीकडून येई, आणि तोही निःशंकपणे उघडे. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली येथील एका सरकारी कर्मचाऱ्यास व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. सोबतची फाइल पीडीएफसारखी दिसत होती. प्रत्यक्षात ती एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसविणारी फाइल होती. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. अशी ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवितात. मग ओटीपी कोणालाही न सांगता तो चोराच्या हाती पडतो.

हानी केवळ पैशाचीच होते असे नाही. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला. ई-मेलला जोडलेल्या फाइलीतून २०१६ मध्ये त्यात घुसखोरी झाली व पुढे बाहेरून कागदपत्रे ठेवण्यात आली, असे त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. तथापि अशा फाइलीतून काय काय संभवते, याची कल्पना त्यावरून यावी.

सिंदी (रेल्वे) परिसरातील आपली घरे शिष्यवृत्ती, पीकविमा आणि पीएम किसानच्या हप्त्याची वाट पाहत असतात. ज्या बातमीची वाट पाहावी, तिच्याच नावाने फसवी फाइल येते. म्हणून पालक व माजी विद्यार्थी बंधुभगिनींनी पुढील नियम पाळावेत:

१. फाइल ओळखीच्या नावाने आली, तरी उघडण्यापूर्वी पाठविणाऱ्यास फोन करून विचारावे.

२. नावाच्या शेवटी एपीके किंवा ईएक्सई असल्यास ती उघडू नये. वर्ड वा एक्सेल फाइलीने ‘मॅक्रो’ सुरू करण्यास सांगितले, तर नकार द्यावा.

३. योजनेची माहिती शासनाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहावी, शिष्यवृत्तीची महाडीबीटीवर.

४. फाइल चुकून उघडलीच, तर मोबाइलचे इंटरनेट त्वरित बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळविली जाण्यापूर्वी ती गोठविता येते. म्हणून येथे मिनिटांना मोल आहे.

फसवणूक झाली म्हणून संकोचाने गप्प राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. घरातील मुलांनी वडीलधाऱ्यांना रागे न भरता तक्रार नोंदविण्यास साहाय्य करावे, अशी आमची विनंती आहे.