धमकावणीचे इंग्रजी क्रियापद

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात वावरणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत ‘डम्काउ’ असे एक क्रियापद रूढ होते. एखाद्यास दरडावून निरुत्तर करणे, हा त्याचा अर्थ. हेन्‍री यूल व आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) त्याची नोंद सापडते. तेथे हा शब्द ‘दम खाना’ म्हणजे गप्प राहणे, या हिंदुस्थानी प्रयोगापासून साधलेला आहे. पुढे १९०३ च्या आवृत्तीत विल्यम क्रूक यांनी ‘धमकाना’ हे मूळ अधिक संभवनीय मानले.

झाशीत हा वाद चटकन उलगडला असता. नेवाळकरांच्या अमदानीपासून तेथे मराठी घराण्यांची वस्ती होती आणि गावची बोली बुंदेली. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. १८६१ मध्ये शहर शिंद्यांकडे गेले आणि योगायोगाने कोशाच्याच वर्षी, १८८६ मध्ये, ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार यांच्या मोबदल्यात ते इंग्रजांकडे परत आले. अशा गावी ‘धमकाओ’ आणि ‘धमकाव’ ही दोन्ही आज्ञार्थी रूपे घरोघर परिचयाची असणार.

आज्ञार्थ हीच येथे खरी मेख आहे. साहेबाने हिंदुस्थानी क्रियापदे उचलली ती बहुधा आज्ञार्थातच: ‘पकडाओ’पासून ‘पकराउ’, ‘घबराओ’पासून ‘गब्राउ’, ‘बनाओ’पासून ‘बनाउ’. नोकराशी वा शिपायाशी बोलताना त्याला अन्य रूपाची गरज क्वचितच पडे. मूळचा ‘ध’ त्याच्या जिभेवर ‘ड’ झाला. शिवाय इंग्रजीत ‘डम्ब’ म्हणजे मुका आणि ‘काउ’ या क्रियापदाचा अर्थ वचक बसवून नमविणे. या ‘काउ’चा गाईशी संबंध नाही. परका शब्द अशा रीतीने घरचाच भासू लागला.

क्रूक यांचे मत ग्राह्य वाटते. तरीही यूल यांची व्युत्पत्ती मराठी वाचकास अगदीच हास्यास्पद वाटणार नाही. फारसी ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीत ‘दम खा’ म्हणजे थांब, धीर धर; परंतु ‘दम देणे’ म्हणजे दटावणे, आणि ‘दमदाटी’ तर सर्वांच्या ओळखीची. एकाने दम द्यावा आणि दुसऱ्याने निमूटपणे दम खावा, हा व्यवहार छावणीच्या बंगल्यात रोजचाच होता. मात्र त्याची नोंद कोशात झाली ती दम देणाऱ्याच्या भाषेत.