बिडकीनहून पत्रकारिता शिकताना

पैठण तालुक्यातल्या बिडकीनहून रोज एसटीने ये-जा करत मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारिता शिकलो. गावातली पोरंपोरी आता विचारायला येतात, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

1. गावाचा संकोच सोडा. वर्गात मुंबई-दिल्लीच्या चॅनेलांची चर्चा चालते आणि आपण मागच्या बाकावर गप्प. पण बातमी आपल्याच दारात आहे. आपल्या शिवारातली हजारो एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली. 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्यातली भूसंपादनाची ‘बत्तीस-दोनची नोटीस’ म्हणजे काय, हे इथे पारावरच्या आजोबांनाही ठाऊक आहे. सातबारा आणि फेरफार वाचता येणं ही मोठी विद्या आहे, ती शहरातल्या पोरांकडे सहसा नसते. तिला 2005 च्या माहिती अधिकाराची जोड द्या. अर्ज मोघम नको. गट नंबर, साल, कागदाचं नाव लिहूनच मागा.

2. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही, त्याला गाठा. मोबदला जमीनमालकाला मिळाला. त्याच रानात रोजानं खुरपायला जाणारीचं काय झालं, हे विचारायला फार कमी वार्ताहर गेले. विद्यापीठ ज्यांच्या नावाचं, त्या बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढलं ते अशाच न छापल्या जाणाऱ्या माणसांसाठी. पैसे देऊ करूनही ‘केसरी’नं त्याची जाहिरात घेतली नव्हती. परीक्षेत यावर टीप लिहून पोरं मोकळी होतात. मला तो आजचा प्रश्न वाटतो.

3. घोषणेवर थांबू नका. 31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्करनं आपल्या भागातल्या नव्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे 20 हजार कोटींचा आकडा सगळीकडे झळकला. आपल्याच पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथले कामगार आज काय करतात, हे विचारल्याशिवाय नव्या कारखान्याची बातमी अर्धीच.

4. जुने अंक चाळा. संपादक अनंत भालेरावांचे ‘मराठवाडा’ दैनिकातले अग्रलेख आधी वाचा, मग पुस्तकातल्या व्याख्या.

5. पैशाचं स्पष्टच सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन तुटपुंजं असतं, वर जाहिराती आणायचं काम गळ्यात पडतं. ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात आणली, त्याच्याविरुद्ध लिहिताना हात अडतोच. मग कुणी कितीही नीतिमत्तेचे धडे गिरवलेले असोत. म्हणून शिकतानाच व्हिडिओ संपादन, भाषांतर, मुद्रितशोधन यातलं एक काम पक्कं शिका. घर त्यावर चालू द्या.

प्रवेशाची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघा, एजंटाच्या नादी लागू नका. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. निकालानंतर पैठण तहसीलला गर्दी असते.