संगणक आले, पुढे काय?

प्रश्न : गावच्या शाळेला संगणक मिळाल्यास मुलांची डिजिटल कौशल्ये वाढतील का?

उत्तर : केवळ तेवढ्याने नाही. बंगळूरुच्या अझीम प्रेमजी फाउंडेशनने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हजारो सरकारी शाळांत संगणकाधारित अध्ययनाचा कार्यक्रम चालवला. अपेक्षित फळ न मिळाल्यावर संस्थेने आपला भर शिक्षकांच्या क्षमतावृद्धीकडे वळवला, आणि हा धडा इतरत्र अजून पुरेसा गिरवला गेलेला नाही. ग्रामीण कुटुंबांच्या ‘असर’ २०२४ सर्वेक्षणानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, मात्र त्यांपैकी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. म्हणून डिजिटल कौशल्य, म्हणजे माहिती शोधणे, पारखणे आणि स्वतः काही घडवणे, विषयशिक्षकानेच पाठात गुंफावे. त्यासाठी यंत्र आधी शिक्षकाच्या हाती पडावे.