आधी उजेड, मग अंतर, शेवटी भिंग : बारीक कामाच्या कारागिरांसाठी दृष्टिविचार

इंदूरचा सराफा म्हटले की बाहेरगावच्या पाहुण्यांना रात्रीचे खाद्यपदार्थ आठवतात. परंतु दिवसा याच गल्ल्यांतील माळ्यांवर आणि आतल्या खोल्यांत सोन्याचांदीचे काम करणारे कारागीर मान खाली घालून बसलेले असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अशाच एका कारागिराने मला माझ्याच शास्त्रातील एक साधा धडा नव्याने शिकविला. स्मरणिकेच्या निमित्ताने तो व्यवसायबंधूंपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडीत आहे.

हे गृहस्थ अठ्ठेचाळीस वर्षांचे. नथीचे मोती सोन्याच्या तारेत गुंफण्याचे काम ते पंचवीस-तीस वर्षे करीत आलेले. सहा महिन्यांपूर्वी मीच त्यांना +१.७५ क्रमांकाचा चाळिशीचा चष्मा दिला होता. ते पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या चष्म्याने पेपर झकास दिसतो, पण नथ हातात घेतली की तो काढून ठेवावा लागतो." बाजारातून त्यांनी दहापट मोठे दाखविणारे भिंग आणले होते. ते डोळ्याशी धरले की मोत्याचे भोक दिसे, पण चिमटा आत शिरण्यास जागा उरत नसे. मान आखडली होती. "बारीक कामे आता मी परत पाठवतो. मुलाला सांगितलंय, तू दुसरा धंदा बघ," असे म्हणून ते गप्प झाले.

मी त्यांना म्हटले, "काम कसे धरता ते दाखवा पाहू." त्यांनी दोन्ही हात नाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर आणले. माझी चूक मला त्याच क्षणी उमगली. मी त्यांची दृष्टी चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या अंतरावर तपासली होती. ते मात्र वीस सेंटिमीटरवर काम करीत होते. व्यवसाय कोणता हे मी विचारले होते, अंतर विचारले नव्हते.

बारीक दिसते म्हणजे काय?

निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका कोन असावा लागतो. पंचवीस सेंटिमीटर अंतरावर हा कोन सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने एका केसाची जाडी होते. ही झाली मर्यादा. मर्यादेवर तासन् तास काम करता येत नाही; आरामात काम होण्यासाठी तपशील तिच्या दुप्पट-तिप्पट मोठा दिसावा लागतो.

तो मोठा अथवा ठळक दिसण्याचे उपाय तीनच : उजेड वाढविणे, वस्तू जवळ आणणे, किंवा भिंग लावणे. आपल्याकडे बहुधा उलट क्रमाने सुरुवात होते. दिसेनासे झाले की माणूस प्रथम भिंग विकत घेतो, तेही सर्वांत जास्त शक्तीचे. प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच की क्रम बदलावा : आधी उजेड, मग अंतर, शेवटी भिंग.

चाळिशीची किंमत

जवळची वस्तू स्पष्ट पाहण्यासाठी डोळ्यातील भिंग फुगते. ही समायोजनशक्ती वयाबरोबर उतरत जाते. दहाव्या वर्षी ती सरासरी पंधरा डायॉप्टरच्या आसपास असते, चाळिशीत साडेसहा आणि पन्नाशीत साडेतीन. शिवाय ती सगळी सतत वापरता येत नाही. निम्मी राखीव ठेवली तरच डोळा थकत नाही. वाचणाऱ्या माणसाला याची जाणीव पंचेचाळिशीत होते. वीतभर अंतरावर काम करणाऱ्या कारागिराला ती कितीतरी आधी होते आणि नेमकी हात सर्वाधिक तयार झालेला असतो त्या काळात होते.

याची आर्थिक किंमत मोजली गेली आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची चहा खुडण्याची उत्पादकता, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. बांगलादेशातील अशाच एका अभ्यासात, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, चष्म्यामुळे मासिक उत्पन्न ३३.४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. चहाचे पान खुडण्यास जर एवढा फरक पडतो, तर मोती ओवणारा, जडावकाम करणारा, महेश्वरी काठातील तुटलेला धागा सांधणारा विणकर यांचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

पहिली पायरी : उजेड

वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर होते. त्यामुळे साठाव्या वर्षी दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. बापाला मुलापेक्षा अधिक उजेड लागतो तो याच कारणाने. उजेड वाढला की आणखी एक लाभ होतो : बाहुली आकसते आणि त्यामुळे स्पष्टतेची खोली वाढते. चाळिशीचा माणूस सुईत दोरा ओवण्यासाठी खिडकीशी जातो तो याच तत्त्वाचा उपयोग नकळत करीत असतो.

युरोपातील ईएन १२४६४-१ या मानकानुसार कचेरीतील लेखनवाचनास ५०० लक्स, दागिने घडविण्यास १००० लक्स, तर रत्नांच्या व हाताने केलेल्या घड्याळाच्या कामास १५०० लक्स प्रकाश हवा. छतावरच्या एकट्या ट्यूबलाइटने कामाच्या जागी यातील थोडाच भाग पडतो. यासाठी खोलीत दिवे वाढविण्याची गरज नाही. दिवा जवळ आणावा. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. साठ सेंटिमीटरवरचा दिवा तीस सेंटिमीटरवर आणला की प्रकाश सुमारे चौपट होतो, आणि विजेचे बिल तेवढेच राहते.

विजेपूर्वी युरोपातील लेस विणणाऱ्या बायका पाण्याने भरलेला काचेचा गोल मेणबत्तीपुढे ठेवीत आणि तिचा प्रकाश एकवटून कामावर पाडीत. एका मेणबत्तीभोवती असे अनेक गोल मांडून कित्येकजणी काम करीत. ते काचगोल त्यांनी काम मोठे करून पाहण्यासाठी वापरले नाहीत, उजेडासाठी वापरले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दिवा कसा मांडावा याचे काही नियम पुढीलप्रमाणे :

१. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडे, किंचित पुढे ठेवावा; डावखुऱ्याने उजवीकडे. दिवा पाठीमागे असेल तर स्वतःच्या डोक्याची सावली कामावर पडते.

२. उघडा बल्ब नजरेस पडू नये. त्याची चकाकी डोळ्यात शिरली की वाढविलेला उजेड वाया जातो. मोतीबिंदू सुरू झालेल्यास ती विशेष बाधते.

३. सोने, चांदी यांसारख्या चकचकीत पृष्ठभागावर दुधी आवरणातून पसरलेला प्रकाश हवा. याउलट कशिद्याचे टाके अथवा कोरीव रेघ उठून दिसण्यासाठी प्रकाश एका बाजूने, तिरपा पडावा.

४. एलईडी दिवा घेताना रंगदर्शन निर्देशांक ९० वा अधिक आणि रंगतापमान ४००० ते ५००० केल्विन पाहावे. पिवळ्या उजेडात काळा आणि गडद निळा रेशीमधागा सारखाच भासतो.

५. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्याखाली सरकणारे पट्टे ठळक दिसल्यास तो दिवा लुकलुकणारा आहे असे समजावे. अशा उजेडात फिरते यंत्र थांबल्यासारखे दिसून इजा होऊ शकते.

६. भोवतालची खोली अगदी काळोखी नसावी. पांढऱ्या मोत्यांखाली गडद कापड आणि गडद खड्यांखाली फिकट कापड अंथरावे. विरोधी रंग हाही एक प्रकारचा उजेडच होय.

दुसरी पायरी : अंतर

चाळीस सेंटिमीटरवर पाहण्यास अडीच डायॉप्टर लागतात, पंचवीसवर चार, वीसवर पाच. म्हणून वाचनासाठी चाळिशीचा चष्मा लागू लागला असेल, तर वीस सेंटिमीटरवर काम करणाऱ्याचा चष्मा वर्तमानपत्र वाचणाऱ्यापेक्षा अडीच डायॉप्टरने वेगळा असावयास हवा. हे गणित आपल्याला ठाऊक असते. केवळ टेप काढून अंतर मोजण्याचा आळस असतो.

परंतु अंतर जेवढे कमी तेवढी मान अधिक वाकते आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळविण्याचा ताणही वाढतो. म्हणून उजेड सुधारल्यावर काम किती लांब धरता येते ते पाहून मगच क्रमांक ठरवावा. डोके कामाकडे नेण्याऐवजी काम डोळ्याकडे उचलावे : डेस्क उंच करावे, कोपरांना आधार द्यावा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. एकाग्रतेत पापणी कमी लवते व डोळा कोरडा पडतो.

कामाचा चष्मा हे अवजार आहे. तो घालून जिना उतरू नये, वाहन तर नाहीच नाही. गिऱ्हाइकाकडे वरून पाहता यावे यासाठी अर्धी चौकट सोयीची पडते.

तिसरी पायरी : भिंग

भिंगाची शक्ती वाढते तसे तीन गोष्टींचे नुकसान होते : कामाचे अंतर घटते, दिसणारे क्षेत्र आकुंचित होते आणि स्पष्टतेची खोली उथळ होते. दहापट भिंग चाळीस डायॉप्टरचे; त्याचे नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर. हिऱ्याची पारख करण्यास ते प्रमाण मानले जाते आणि पारखीसाठी ते योग्यच आहे. पण पारखणे वेगळे आणि घडविणे वेगळे. घडविताना दोन हात, चिमटा आणि कधी ज्योतही मध्ये यावी लागते. तेव्हा जेवढ्याने काम भागेल तेवढेच, त्याहून अधिक नाही, हे सूत्र धरावे.

खरेदी करताना केवळ 'इतके पट' या आकड्यावर विसंबू नये. कोणी डायॉप्टरला चाराने भागून तो आकडा देतो, कोणी त्यात एक मिळवून देतो. त्यामुळे तीन डायॉप्टरचे भिंग पाऊणपटही म्हणवते आणि पावणेदोनपटही. म्हणून दुकानदारास दोनच प्रश्न विचारावेत : डायॉप्टर किती, आणि काम किती अंतरावर स्पष्ट दिसते?

बहुतेक कारागिरांना डोक्यावर पट्ट्याने बसविण्याचे, दोन्ही डोळ्यांचे, तीन ते पाच डायॉप्टरचे भिंग पुरते. स्वतःचा दूरचा चष्मा असल्यास तो त्याखाली ठेवावा. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यास खोलीचा अंदाज टिकतो. तारेचे टोक भोकात घालणाऱ्याला तो अमोल असतो. चष्म्यातच चारपेक्षा अधिक डायॉप्टर द्यावयाचे झाल्यास नाकाकडे पाया असलेले प्रिझम जोडावे. प्रत्येक डोळ्यास जवळच्या क्रमांकापेक्षा दोन अधिक, म्हणजे +६ ला आठ, हा परिचित नियम उपयोगी पडतो. याहून बारीक कामास दंतवैद्य व शल्यविशारद वापरतात तसला अडीचपट दुर्बिणीचा चष्मा उत्तम, कारण त्यात मोठेपणा मिळूनही अंतर पस्तीस-चाळीस सेंटिमीटर राहते. तो महाग आहे, हे मान्य. पण आपण स्वतःसाठी जे साधन आवश्यक मानतो ते कारागिरासाठी चैन ठरवू नये.

एक सावधगिरी : काम संपले की भिंगावर कापड टाकावे. खिडकीतल्या उन्हात राहिलेले भिंग आग लावू शकते.

चष्मा देण्यापूर्वी

जवळचे दिसत नाही म्हणजे चाळिशीच, असे गृहीत धरू नये. चष्म्याचा क्रमांक वरचेवर बदलत असेल तर रक्तातील साखर पाहावी. साठीच्या पुढची एखादी आजी आनंदाने सांगते, "मला आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो." ही दृष्टी परत आलेली नसते, मोतीबिंदूच्या आरंभी डोळ्यातील भिंगाचा गाभा घट्ट झाल्याने डोळा ऱ्हस्वदृष्टी झालेला असतो. काचबिंदूत तर मधली दृष्टी दीर्घकाळ शाबूत राहते आणि कारागीर निर्धास्त राहतो. म्हणून चाळिशीचा पहिला चष्मा देतानाच डोळ्यातील दाब आणि दृष्टिनाडीची तपासणी व्हावी.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांच्या बैठकीत ट्यूबलाइट पाठीमागे होती. प्रथम डावीकडे आवरण असलेला दिवा आला आणि नथीखाली काळी मखमल आली. एवढ्यानेच त्यांना काम पंचवीस सेंटिमीटरवर धरता येऊ लागले. त्यामुळे वीस सेंटिमीटरसाठी लागला असता तो +४.२५ चा क्रमांक द्यावा लागला नाही, +३.२५ ने भागले. दहापट भिंग आता केवळ शेवटची पारख करण्यास वापरले जाते. परत पाठविलेली सगळीच कामे काही त्यांच्याकडे पुन्हा आली नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र मुलगा अजून त्यांच्याजवळच बसून शिकत आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती : हाताने बारीक काम करणारा रुग्ण समोर आला की त्याला काम सोबत आणावयास सांगा, टेपने अंतर मोजा आणि दिवा कोठे आहे ते विचारा. यास पाच मिनिटे लागतात. समाजबांधवांना विनंती ही की घरातील कोणी शिवण, कशिदा वा मोतीकाम 'आता दिसत नाही' म्हणून सोडून देऊ लागले, तर भिंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी त्यांची बैठक खिडकीशी हलवून पाहा आणि मग त्यांना डोळे तपासण्यास घेऊन या.